अंगणातला खारा तलाव: पहिल्या पोत्यापासून पहिल्या पावसापर्यंत

आमच्याकडे पाहुणे आले की चहाच्या आधी अंगणातल्या पोहण्याच्या तलावाबद्दल हा प्रश्न येतो: "मिठाच्या पाण्याचा आहे ना? म्हणजे क्लोरीन नाही!"

आहे. आपल्या तलावात क्लोरीन आहेच, फक्त तो डब्यातून न येता पंपाच्या खोलीतल्या एका नळकांड्यात तयार होतो. मीठ विरघळलेलं पाणी त्या नळकांड्यातल्या, म्हणजे सेलमधल्या, धातूच्या पट्ट्यांमधून जातं, पट्ट्यांमधून वीज जाते आणि मिठातला क्लोराइड क्लोरीन होऊन पाण्यात मिसळतो. तो क्लोरीन जंतू मारतो, शेवाळ मारतो आणि काम झालं की पुन्हा क्लोराइड होतो. म्हणून मीठ संपत नाही. ते फक्त बाहेर जातं: पोरांच्या उड्यांनी, फिल्टर उलट्या प्रवाहानं धुताना (बॅकवॉश), पावसात भरून वाहिलं की.

हे आधी नीट समजून घ्या, कारण नव्यानं तलाव घेणारे जवळपास सगळे इथेच चुकतात. "मीठ टाकलं की झालं" असं म्हणून ते वर्षभर मीठच मोजत बसतात. मिठाचा आकडा महिन्यातून एकदा बघितला तरी चालतो. रोजची कटकट पीएचची, म्हणजे पाणी आम्लाकडे झुकलंय की अल्कलीकडे त्या आकड्याची, असते आणि वर्षाची कटकट स्टॅबिलायझरची, म्हणजे क्लोरीनला उन्हापासून वाचवणाऱ्या पावडरीची. नाशिकजवळ मखमलाबादच्या पुढे मळ्यातल्या घरात गेली चार वर्षं मी असा एक तलाव सांभाळते आहे, त्यातली पहिली दोन वर्षं निव्वळ चुका करण्यात गेली.

आधी लिटर मोजा

लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, आणि उत्तराला हजारानं गुणा. आमचा तलाव ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड. सरासरी सव्वा मीटर. म्हणजे ४०,००० लिटर. १० हजारी टँकरनं भरलात तर टँकर मोजूनही हिशेब जुळवता येतो, फक्त टँकर काठोकाठ होता का हे स्वतः बघा.

हा आकडा पंपाच्या खोलीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. पुढचं सगळं त्यावर आहे. आणि एक किल्ली लक्षात ठेवा: १ पीपीएम म्हणजे १,००० लिटरला १ ग्रॅम. ४०,००० लिटरला ४० ग्रॅम. द्राक्षवाल्या घरात हे समजावून सांगावं लागत नाही. फवारणीच्या पाण्याचा पीएच आणि क्षारता आमचे सासरे, अण्णा, कित्येक वर्षं खिशातल्या पेननं मोजत आलेत. खरं तर तलावाचं रसायन मी त्यांच्याकडूनच शिकले, फक्त त्यांना ते मान्य नाही. "पोहायला गोदावरी होती की आम्हाला," एवढंच म्हणतात.

पाणी कुठलं, हा पहिला प्रश्न

शहरात नळाला येणारं पाणी धरणाचं. ते तुलनेनं मऊ. मळ्यातलं बोअरचं पाणी काळ्या पाषाणातून झिरपून येतं, ते बहुधा जड. टँकरवाल्याचं पाणी त्यानं जिथून भरलं तिथलं, आणि ते तो सांगेलच असं नाही. म्हणून भरण्याआधी बाटलीभर पाणी घेऊन तीन गोष्टी मोजा: पीएच, अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातल्या बायकार्बोनेटचं माप) आणि कॅल्शियम हार्डनेस (पाण्याचा जडपणा).

मोजायला थेंबांचं किट घ्या. पट्ट्या स्वस्त आणि सोप्या आहेत, पण श्रावणातल्या दमट हवेत डबी दोनदा उघडी राहिली की त्या काय वाटेल ते सांगतात. किटमध्ये क्लोरीन, पीएच, अल्कलिनिटी, हार्डनेस आणि सायन्युरिक अॅसिड अशा पाचही चाचण्या आहेत ना, हे दुकानातच बघा. दोनच बाटल्यांचं पिवळ्या-लाल रंगाचं किट पुरत नाही. पाणी घेताना कोपरापर्यंत हात बुडवून घ्या, फिल्टरमधून पाणी तलावात परत येतं त्या परतीच्या नळ्यांच्या तोंडापाशी नाही.

गाठायचे आकडे असे: पीएच ७.४ ते ७.८, अल्कलिनिटी ६० ते ८०, कॅल्शियम २०० ते ४००, स्टॅबिलायझर ६० ते ८०, मीठ ३,२००च्या आसपास, आणि मोकळा (जंतू मारायला शिल्लक असलेला) क्लोरीन स्टॅबिलायझरच्या ५ टक्क्यांपेक्षा कधीही कमी नाही. बहुतेक मशिनं २,७०० ते ३,४०० पीपीएम मिठावर चालतात, पण काहींना कमी लागतं, काहींना जास्त. तिथे माझं ऐकू नका, मशिनबरोबरचं पुस्तक ऐका. समुद्रात हाच आकडा ३५,०००च्या घरात असतो, त्यामुळे आपला तलाव जिभेला जेमतेम खारट लागतो.

अल्कलिनिटी आणि पीएच

तलाव भरला, पंप चालू केला, फिल्टर दिवसभर फिरला. सेल अजून बंद. आता अल्कलिनिटी.

बोअरचं पाणी असेल तर ती २०० वगैरे निघू शकते. ती उतरवायला हायड्रोक्लोरिक अॅसिड. ३० टक्क्यांच्या आसपासचं अॅसिड असेल तर ४०,००० लिटरमध्ये १० पीपीएम अल्कलिनिटी उतरायला सुमारे ८०० मिली लागतं. २२० वरून ८० वर यायचं तर ११ लिटरच्या आसपास. हे एका दमात ओतायचं नाही. पीएच ७.२ पर्यंत येईल एवढंच टाकायचं, मग परतीच्या नळ्यांची तोंडं वर करून पाणी उसळू द्यायचं, कारंजं असेल तर ते लावायचं. पाणी हवेत उसळलं की कार्बन डायऑक्साइड उडतो आणि पीएच आपोआप वर येतो, अल्कलिनिटी मात्र खालीच राहते. दुसऱ्या दिवशी पुन्हा अॅसिड. आम्हाला आठ दिवस लागले होते.

धरणाचं मऊ पाणी असेल तर उलट वेळ येऊ शकते. अल्कलिनिटी ६०च्या खाली असली तर खाण्याचा सोडा, तोच तो. १० पीपीएम चढवायला ४०,००० लिटरला साधारण ६७० ग्रॅम.

अॅसिडचं काम करताना हातमोजे, चष्मा, आणि वारा पाठीकडून. बादलीत आधी पाणी, मग त्यात अॅसिड. उलट केलं तर उकळून अंगावर येतं. पंप चालू ठेवून खोल बाजूला, भिंतीपासून हातभर लांब, चालत चालत सावकाश ओता. संडास धुण्याचं रंगीत अॅसिड तलावात घालू नका, त्यात काय काय असतं ते बाटलीवरही धड लिहिलेलं नसतं. आणि अॅसिडचा कॅन पंपाच्या खोलीत ठेवू नका. त्याच्या वाफेनं मशिनच्या आतली सर्किटं गंजतात. हायपोशेजारी, म्हणजे पातळ क्लोरीनच्या (सोडियम हायपोक्लोराइट) कॅनशेजारी, तर मुळीच नाही. अॅसिड आणि हायपो एकत्र आले की विषारी क्लोरीन वायू सुटतो.

आता एक असा प्रश्न, जो प्रत्येकाला पहिल्या महिन्यात पडतो: खाऱ्या तलावाचा पीएच सारखा वर का चढतो? सेलमध्ये क्लोरीनबरोबर हायड्रोजनचे बारीक बुडबुडे तयार होतात. सोड्याची बाटली हलवल्यासारखं होतं, पाण्यातला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पीएच चढतो. पाण्यात अल्कलिनिटी जितकी जास्त, तितका उडायला वायू जास्त. म्हणूनच इथे अल्कलिनिटी ६० ते ८० ठेवायची. साध्या तलावासाठी सांगतात ती १००-१२० नाही. मी पहिल्या वर्षी पीएच उतरवायला अॅसिड टाकायचे, त्यानं अल्कलिनिटी उतरली की घाबरून सोडा टाकायचे, सोड्यानं पीएच पुन्हा चढला की पुन्हा अॅसिड. किराणा दुकानदारानं एकदा विचारलंच, "वहिनी, ढोकळ्याचा धंदा काढलाय का?"

पीएच ७.८ ला पोचला की ७.५ वर आणा, ७.२ वर नको. खूप खाली ओढलेला पीएच तितक्याच वेगानं वर धावतो. आमच्या तलावाला त्यासाठी ३०० मिलीच्या आसपास अॅसिड पुरतं. तुम्ही नवे असाल तर २५० मिलीनं सुरुवात करा, तासाभरानं मोजा.

कॅल्शियम

सिमेंट, टाइल आणि ग्राउटचा तलाव असेल तर पाण्याला कॅल्शियम हवंच. नाही मिळालं तर पाणी ते ग्राउटमधून काढून घेतं. नळाच्या मऊ पाण्यात ते कमी असेल तर कॅल्शियम क्लोराइड घाला: ४०,००० लिटरला १०० पीपीएम चढवायला सुमारे ६ किलो, बाजारात मिळणारे पाणीदार खवले धरून. विरघळताना बादली चांगली गरम होते, थोडं थोडं टाका. फायबरच्या तलावाला याची फारशी गरज नसते. मळ्यातल्या लोकांसाठी एक सूचना: गोदामात पडलेलं पोतं कॅल्शियम नायट्रेटचं असतं. ते वेलींचं खत आहे, आणि शेवाळालाही ते तेवढंच आवडतं.

बोअरचं पाणी ४००च्या वर असेल तर काय? कॅल्शियम काढून टाकायचं घरगुती औषध नाही. निम्मं मऊ पाणी मिसळणं हाच मार्ग. आणि उन्हाळ्यात लक्ष ठेवायचं, कारण बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, क्षार मागे राहतात. समजा रोज ६ मिलिमीटर पाणी उडालं. ३२ चौरस मीटरच्या तलावातून ते १९० लिटर. एप्रिल-मे असे दोन महिने ४०० हार्डनेसच्या बोअरनं भर घालत राहिलात तर जूनपर्यंत तलावाचं कॅल्शियम ११५नं वाढलेलं असतं. मग सेलच्या पट्ट्यांवर पांढरा थर बसतो आणि परतीच्या नळ्यांतून पांढरे कपटे तरंगत येतात. रात्री तलाव झाकलात तर हे सगळं बरंच कमी होतं. झाकण महाग वाटतं, पण या सगळ्या यादीत मी एकच गोष्ट विकत घ्यायची असं सांगाल तर ती झाकण.

स्टॅबिलायझर

सायन्युरिक अॅसिड म्हणजे क्लोरीनची टोपी. नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात उघडा क्लोरीन तासाभरात निम्मा उडतो. सेल रात्रंदिवस चालवला तरी पुरवठा होत नाही. ही पावडर क्लोरीनला धरून ठेवते आणि हळूहळू सोडते.

६० पीपीएमसाठी ४०,००० लिटरला २ किलो ४०० ग्रॅम. ही विरघळायला महा आळशी. जुन्या पायमोज्यात भरा, गाठ मारा, परतीच्या नळीच्या तोंडासमोर टांगा आणि येता-जाता पिळा. आकडा किटवर पूर्ण दिसायला आठवडा लागतो, तोवर "कमी दिसतंय" म्हणून आणखी टाकायचा मोह आवरा.

कारण पाणी बदलल्याशिवाय हा आकडा सहसा उतरत नाही. उन्हानं जात नाही, फिल्टरनं जात नाही. आणि तो खूप चढला की टोपी इतकी घट्ट बसते की क्लोरीन असून काम करत नाही. गिरणारे रस्त्यावरच्या एका ओळखीच्या फार्महाउसवर हेच झालं. देखभालीला ठेवलेला माणूस तीन वर्षं टीसीसीएच्या, म्हणजे क्लोरीनच्या तयार, गोळ्या टाकत होता. त्या गोळ्यांत निम्म्याहून जास्त सायन्युरिक अॅसिडच असतं. १० पीपीएम क्लोरीन दिलात की ६ पीपीएम स्टॅबिलायझर फुकट. मशीन बसवल्यावरही गोळ्यांची सवय सुटली नाही. पाणी हिरवं, किट क्लोरीन भरपूर दाखवतंय, आणि स्टॅबिलायझर १६०. शेवटी भर मे महिन्यात निम्मा तलाव रिकामा करावा लागला, दोन टँकर पाणी विकत घेऊन. आसपास लोक हंड्यासाठी रांगेत असताना तो टँकर फाटकातून आत येताना बघायला कसंसंच वाटलं.

तेव्हा खाऱ्या तलावात टीसीसीए नको. वरून क्लोरीन द्यायची वेळ आली तर पातळ सोडियम हायपो वापरा, तेही ताजं. उन्हाळ्यात पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलेल्या हायपोत महिन्याभरानं दम उरत नाही. ब्लीचिंग पावडर विहिरीला ठीक, तलावात तिचा चुना तळाला बसतो. आणि टीसीसीएच्या डब्यातला चमचा ब्लीचिंगच्या डब्यात कधीही घालू नका, पेट घेतं.

आता मीठ

नवं प्लास्टर असेल तर महिनाभर थांबा, ते पिकू द्या. तोवर हायपोवर चालवा.

मीठ शुद्ध आणि आयोडीन नसलेलं हवं. वॉटर सॉफ्टनरसाठी मिळतं ते चालतं. स्वयंपाकाच्या मिठात आयोडीन आणि ते मोकळं राहावं म्हणून घातलेलं रसायन असतं, त्यानं डाग पडू शकतात. मिठागरातलं करडं खडेमीठ स्वस्त पडतं, पण त्याबरोबर माती, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही येतं. लोणच्याला ते उत्तम.

४०,००० लिटरला ३,२०० पीपीएम म्हणजे १२८ किलो. पण बोअरच्या पाण्यात आधीच थोडे क्षार असतात. म्हणून ५० किलोची दोनच पोती टाका आणि थांबा. सेल बंद, पंप चालू. मीठ उथळ बाजूनं पसरत टाका, ब्रशनं ढवळा, तळाला ढीग राहू देऊ नका. चोवीस तासांनी मोजा, मग उरलेलं हिशेबानं. मीठ घालणं दहा मिनिटांचं काम, काढणं म्हणजे पाणी उपसणं. या वाक्यामागे माझी एक स्वतंत्र कहाणी आहे, ती शेवटी सांगते.

कडेची फरशी कुठली आहे तेही बघून ठेवा. शहाबादी आणि कोटा हे चुनखडीचे दगड, खारं पाणी त्यांच्या छिद्रांत सुकलं की पापुद्रे निघतात. आपला काळा पाषाण जास्त तग धरतो. काहीही असलं तरी पोरं बाहेर आली की कडेवर साध्या पाण्याची एक बादली मारा. शिडी ३१६ ग्रेडच्या स्टीलची मागा. ३०४ची आमची शिडी दुसऱ्याच वर्षी तपकिरी झाली.

मशीन चालू

सेल लावण्याआधी पाण्यात क्लोरीन हाताने द्या. क्लोरीन नसलेल्या पाण्याला सेलनं पहिल्यापासून वर आणायचं म्हटलं तर तोवर शेवाळ धरतं. १० टक्क्यांचं १ लिटर हायपो ४०,००० लिटरमध्ये अडीच पीपीएम चढवतं. दीड लिटर टाका, मग सेल चालू करा.

किती तास? सेलवर ताशी किती ग्रॅम ते लिहिलेलं असतं. आमचा २० ग्रॅमचा. उन्हाळ्यात दिवसाला ३ पीपीएम क्लोरीन खर्च होतो असं धरलं तर ४० गुणिले ३, म्हणजे १२० ग्रॅम, म्हणजे पूर्ण ताकदीवर सहा तास. थंडीत १ पीपीएम खर्च, दोन तास पुरतात. स्टॅबिलायझर ७० असेल तर मोकळा क्लोरीन साडेतीनच्या खाली जाऊ द्यायचा नाही. मी ४ धरून चालते. वीज जाण्याच्या वेळा आधी कळल्या तर टायमर तसा फिरवा. पंप बंद आणि सेल चालू असं कधीच होता कामा नये. मशीनमध्ये पाण्याच्या प्रवाहाचा स्विच असतो, तो चालतो का ते वर्षातून एकदा तपासा. अर्थिंग आणि ईएलसीबी (वीज गळाली की ती तोडणारा स्विच) नसेल तर मात्र आधी इलेक्ट्रिशियन, मग पोहणं.

किटचा एक चकवा सांगून ठेवते. क्लोरीन फारच जास्त झाला तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडून जातो आणि नळी पांढरी दिसते. नवखा माणूस "क्लोरीन शून्य" म्हणून आणखी ओततो. रंग चमकून गेला का, हे बघत राहा.

आठवड्याचं चक्र

रविवारी सकाळी क्लोरीन आणि पीएच. उन्हाळ्यात बुधवारीही. महिन्याच्या पहिल्या रविवारी अल्कलिनिटी, कॅल्शियम, स्टॅबिलायझर, मीठ. सगळं वहीत, तारखेसह. चार महिन्यांनी वही चाळली की तुमचा तलाव किती दिवसांनी किती अॅसिड मागतो ते कळतं, आणि मग किट म्हणजे नुसता दुजोरा.

सेल तीन महिन्यांनी उघडून बघा. पट्ट्या स्वच्छ असतील तर तशाच परत लावा. थर असेल तर दहा भाग पाण्यात एक भाग अॅसिड करून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवा. लोखंडी सळईनं खरवडू नका. पट्ट्यांवरचा लेप हाच सेलचा जीव, आणि प्रत्येक अॅसिडस्नानात तो थोडा झिजतो. उगाच दर महिन्याला धुणारे लोक सेल लवकर बदलतात.

लग्नाची मंडळी, पंचवीस पोरं, सनस्क्रीन आणि बाकी जे काही ती पाण्यात सोडतात ते, असा दिवस झाला की संध्याकाळी हायपो द्या. मशीनवर "सुपर"चं बटण असतं, पण त्यानं सेलचे तास जळतात, हायपो स्वस्त.

पाणी हिरवट झालं की आमच्याकडे हमखास सल्ला येतो: मोरचूद टाका. बोर्डो या बुरशीनाशकासाठी प्रत्येक द्राक्षवाल्याकडे ते असतंच. शेवाळ मरतंही. पण तांबं पाण्यात राहतं, पीएच चढला की प्लास्टरवर निळे-काळे डाग सोडतं आणि पांढऱ्या केसांना हिरवी झाक देतं. आमच्या आत्याबाई लग्नाच्या अल्बममध्ये तशाच आहेत. शेजारच्या बागेत फवारणी असेल त्या दिवशी तलाव झाका. खताच्या फवाऱ्यातलं नत्र क्लोरीन खाऊन टाकतं, आणि सकाळी तुम्ही मशीनला दोष देत बसता.

पाऊस आणि थंडी

पावसाळा हा आपला मित्र. १०० मिलिमीटर पाऊस आमच्या तलावात ३,२०० लिटर मऊ पाणी ओततो, तेही फुकट. भरून वाहिलं की मीठ ३,२०० वरून २,९६० च्या आसपास उतरतं, कॅल्शियम आणि स्टॅबिलायझरही तेवढ्याच प्रमाणात. म्हणून कॅल्शियम थोडं जास्त झालंय, स्टॅबिलायझर ९०ला टेकलाय, अशी जी दुखणी मेमध्ये दिसतात ती जुलैवर ढकला. पावसाळ्यात मीठ घालत बसू नका. मशीन तक्रार करेपर्यंत थांबा आणि पाऊस ओसरल्यावर एकदाच घाला. पाऊस पीएच आणि अल्कलिनिटीही उतरवतो, तेव्हा त्या दिवसांत अॅसिडला सुट्टी.

थंडीची गोष्ट वेगळी. निफाडचा पारा पाच अंशांकडे जातो तेव्हा आमच्याकडचं पाणीही गारठतं. पाणी १५ अंशांच्या आसपास उतरलं की बरेच सेल क्लोरीन बनवणं कमी करतात किंवा थांबवतात. ते बिघडलेले नसतात. त्या दिवसांत आठवड्याला थोडं हायपो पुरतं, शेवाळही थंडीत आळसावलेलं असतं.

आणि थंड पाण्यात वीज कमी वाहते, त्यामुळे मीठ आहे तेवढंच असूनही मशीन "मीठ कमी"चा दिवा लावू शकतं.

ती माझी कहाणी. दुसऱ्या वर्षीचा जानेवारी, सकाळी दिवा लुकलुकताना दिसला. किट काढलं नाही, वही बघितली नाही, एक पोतं ओतून मोकळी झाले. ५० किलो म्हणजे १,२५० पीपीएम. ३,०००चं ४,२५० झालं, दुपारी ऊन आल्यावर मशीननं "मीठ जास्त" म्हणून स्वतःला बंद करून घेतलं. मग पाव तलाव, १०,००० लिटर, उपसला आणि पाइप सोडला बांधाच्या कडेला. पाणी वाया जायला नको, एवढाच विचार. साडेबेचाळीस किलो मीठ बागेच्या शेवटच्या दोन ओळींच्या मुळाशी गेलं. तीन आठवड्यांत पानांच्या कडा करपल्या. अण्णांनी पेन त्या मातीत खुपसला, आकडा मला दाखवला आणि चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. द्राक्षाची वेल मिठाला नाजूक. मातीचा ईसी (क्षारांचं माप) दीडच्या वर गेला की उत्पन्न घटायला लागतं. तलावाच्या पाण्याचा ईसी ६च्या आसपास असतो.

त्यामुळे तलाव बांधतानाच विचारा: हे पाणी जाणार कुठे? शहरात असाल तर ड्रेनेजच्या लाइनला, गटारात किंवा नाल्यात नाही. मळ्यात असाल तर बागेपासून, विहिरीपासून आणि बोअरपासून लांब. वाळूच्या फिल्टरऐवजी कार्ट्रिज फिल्टर घेतलात तर बॅकवॉशच लागत नाही, कार्ट्रिज काढून धुतलं की झालं. आम्ही पुढच्याच वर्षी तो बदल केला. उपसायच्या आधी दोन-तीन दिवस सेल बंद ठेवा, उन्हानं क्लोरीन उतरू द्या. आमचं जे थोडंफार पाणी बाहेर निघतं ते आता कुंपणाजवळच्या चार नारळांना जातं, आलटून पालटून, एकाच झाडाला नाही. नारळाला मिठाचं वावडं नाही. ते अण्णांनी लावले, मला न सांगता, त्याच फेब्रुवारीत.